जपानमध्ये मिठाईचा एकच वर्कशॉप जमणार असेल तर नेरिकिरीचा करा

तुमचा प्रश्न वाचला. ऑक्टोबरमध्ये टोकियो-क्योतो, सोबत सात वर्षांची लेक आणि शाकाहारी सासूबाई, मिठाई करायला शिकवतात तिथे एकदाच जाता येईल, मग साखरेचे प्राणी करायचे की ती फुलांसारखी मिठाई. मी दोन्ही केलंय, म्हणून सांगते, फुलांचीच करा, म्हणजे नेरिकिरी, आणि साखरेचे प्राणी नुसते बघायला जा.

नेरिकिरी म्हणजे पांढऱ्या राजम्यासारख्या बियांचं अगदी मऊ पुरण, त्यात चिकट तांदळाच्या पिठाचा गोळा शिजवून मळतात म्हणजे त्याला आकार धरता येतो. आत अझुकीचं पुरण, अझुकी म्हणजे आपल्या लाल चवळीसारखे दिसणारे बारीक दाणे. वर्कशॉपमध्ये हे सगळं तयार मिळतं, शिजवणं वगैरे काही नसतं, साधारण तासाभरात तीनेक नग होतात. रंगीत गोळा तळहातावर चपटा करायचा, मध्ये पुरण ठेवायचं आणि फिरवत फिरवत कडा वर आणून तोंड बंद करायचं. पुरणपोळीचा उंडा भरणाऱ्या बाईला हे सांगावंसुद्धा लागत नाही, तुमच्या सासूबाईंना लेकीच्या शेजारीच बसवा. खरं कौशल्य पुढे आहे, दोन रंग जोडलेत तिथे बोटाने हलकेच पुसत न्यायचं म्हणजे गुलाबी कुठे संपला आणि पांढरा कुठे सुरू झाला ते कळतच नाही, आणि मग तिकोनी लाकडी पट्टीने शेवंतीच्या पाकळ्यांच्या रेघा ओढायच्या. माझी पहिली शेवंती हाताच्या उबेने चिकटून बसली होती, शिकवणाऱ्या बाईंनी ओला रुमाल पुढे केला, दर वेळी हात पुसून गार करायचे, एवढं पाळलंत तर दुसरी नक्की जमते.

ऑक्टोबरात गेलात तर शेवंती, पर्सिमॉनचं फळ, लाल होणारं मेपलचं पान असले आकार मिळण्याची शक्यता जास्त, कारण या मिठाईत चवीपेक्षा ऋतू दाखवायचा असतो. प्रत्येक आकाराला नाव असतं ते आवर्जून विचारा, नाव कळलं की हातातल्या गोळ्याकडे बघायची नजरच बदलते. शेवटी आपण केलेला नग आणि माच्चा, म्हणजे हिरव्या चहाच्या पुडीचा कडसर चहा, देतात. आधी मिठाई संपवायची, मग चहा प्यायचा, हा क्रम मोडू नका. नुसती खाल्ली तर आपल्याला ती जरा जास्त गोड पिठूळ वाटते, पण तोंडात ती गोडी असताना कडू माच्चाचा घोट घेतला की दोन्हीचा अर्थ लागतो. बरेच लोक फोटो काढून डबा बंद करून हॉटेलवर नेतात, असं करू नका प्लीज, ही त्याच दिवशी खायची वस्तू आहे.

क्योतोत कान्शुन्दो म्हणून १८६५ पासूनचं दुकान आहे, ते शिकवतात, सान्जुसान्गेन्दो देवळापासून चालत जाता येतं. कानाझावा शहरात जाणार असाल तर केन्रोकुएन बागेजवळ इशिकावा प्रांताच्या वस्तूंचं केंद्र आहे तिथेही होतं.

आता आमेझाइकू, म्हणजे साखरेचे प्राणी. साधारण ९० डिग्रीपर्यंत तापवलेल्या साखरपाकाचा गोळा काडीवर लावून देतात आणि तो तीन-चार-पाच मिनिटांत कडक व्हायच्या आत बोटांनी ओढून, बारीक कात्रीने कापून ससा करायचा. बोटांना चांगलंच भाजतं आणि विचार करायला वेळच नाही, मोठ्यांनासुद्धा घाम फुटतो, सात वर्षांच्या मुलीला पहिलाच अनुभव हा नको असं माझं मत, शिवाय वयाची अट असू शकते ती बुकिंगआधी वाचा. पण टोकियोत आमेशिन नावाचं दुकान आहे, आसाकुसा भागात आणि स्कायट्री टॉवरच्या मॉलमध्ये, तिथले गोल्डफिश बघाच. कल्ले, शेपटीची घडी, सगळं पारदर्शक साखरेत! लेक काचेला नाक लावून उभी राहील.

शाकाहाराबद्दल, नेरिकिरीत रंग सोडला तर बिया, तांदूळ, साखर एवढंच असतं, योकानसारख्या वड्या कान्तेनने घट्ट होतात, म्हणजे आपला चायना ग्रास, त्यामुळे सासूबाई बिनधास्त खाऊ शकतात. दोरायाकी (पुरण भरलेले पॅनकेक) आणि कासुतेरा (स्पंज केक) यांत मात्र अंडं असतं, आणि दुकानातल्या मॉडर्न मऊ गोळ्यांत जिलेटिन, तिथे पाकीट वाचून घ्या.

घरी आणायला काय, असंही विचारलंयत. नेरिकिरी टिकत नाही, पण कोनपेइतो, म्हणजे साखरेचे काटेरी दाणे, टिकतं. क्योतोत र्‍योकुजुआन शिमिझु हे १८४७ पासूनचं दुकान फक्त हेच करतं. तापलेल्या तिरक्या फिरत्या कढईत बारीक दाण्यांवर थोडा थोडा पाक सोडत दोन आठवड्यांहून जास्त दिवस ते वाढवतात, तेव्हा त्याला काटे येतात. संक्रांतीला कढईत हाताने हलवा फुलवणारी आजी ज्यांनी बघितलीय त्यांना हे वेगळं समजवायला नको. माझ्या आईला मी त्याची छोटी पुडी आणून दिली, तिने दाणा हातावर घेतला आणि विचारलं, काटा एवढा सारखा कसा आणतात गं?