चीनमध्ये चेंगदूला पीएचडीसाठी येताय, तर आधी हे वाचा

इंग्रजीत एम.ए. करताना शिकलेले फूको, देरिदा हे फ्रेंच सिद्धान्तकार चीनमध्ये पीएचडीला उपयोगी पडतील का, असं तुम्ही विचारलंत. मी चेंगदूत तुलनात्मक साहित्यच करतोय, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

उपयोगी पडतील, पण तेवढ्यावर भागणार नाही. १९८५ मध्ये अमेरिकन समीक्षक फ्रेडरिक जेमसन पेकिंग विद्यापीठात उत्तराधुनिकतेवर व्याख्यानं देऊन गेले. ती चिनीत पुस्तकरूपाने आली आणि अभ्यासकांच्या एका पिढीने वाचून काढली. त्यामुळे नुसता फूको समजावून सांगणाऱ्याचं इथे कुणाला अप्रूप नाही. गाइड पहिल्याच भेटीत विचारतात, हा सिद्धान्त या कलाकृतीला लागू पडतो हे कशावरून?

हा प्रश्न इथे जुना आहे. चिनी विद्वान वांग ग्वोवेई यांनी १९०४ मध्ये जर्मन तत्त्वज्ञ शोपेनहाउअरच्या तत्त्वज्ञानातून 'लाल महालाचं स्वप्न' ही अठराव्या शतकातली अभिजात चिनी कादंबरी वाचली. जगणं म्हणजे वासना, वासना म्हणजे दुःख, आणि नायक बाओयू घरदार सोडतो ती मुक्ती. तो लेख वाचताना आजही अंगावर काटा येतो. पण पुढे छ्येन चोंगशू या विद्वानाने त्यातल्या उणिवेवर नेमकं बोट ठेवलं. शोपेनहाउअर खरोखर शेवटपर्यंत न्यायचा, तर बाओयू आणि त्याची प्रेयसी दाइयू यांचं लग्न व्हायला हवं आणि मग त्याच सुखाचा दोघांना वीट यायला हवा. कादंबरीत या दोघांचं लग्नच होत नाही. इतकं बारकाईने वाचायची तयारी ठेवा.

१९९०च्या दशकात सिचुआन विद्यापीठाच्या त्साओ शुनछिंग यांनी तर चिनी समीक्षेची वाचाच गेली आहे, पाश्चात्त्य संज्ञा काढून घेतल्या तर तिला बोलता येत नाही, असं म्हटलं. २०१४ पासून चांग च्यांग हे समीक्षक सिद्धान्ताने कलाकृतीवर लादलेल्या अर्थावर तुटून पडले. आपल्याकडचा देशीवादाचा, म्हणजे साहित्य आपल्याच परंपरेच्या निकषांवर जोखावं या भूमिकेचा, वाद वाचला असेल तर हे ओळखीचं वाटेल. मला त्साओंचं निदान पटतं. पण जुन्या चिनी संज्ञा घेऊन आजची कादंबरी उलगडून दाखवणारे लेख मला फार थोडे सापडले. तुम्हाला जागा आहे ती तिथेच. प्रस्तावात संस्कृत काव्यशास्त्रातले रस-ध्वनी आणि प्राचीन चिनी समीक्षक ल्यू श्ये यांचं काव्यशास्त्र समोरासमोर आणा.

चीन सरकारच्या शिष्यवृत्तीत फी आणि होस्टेल सुटतं, शिवाय पीएचडीला महिना ३,५०० युआन मिळतात. अर्जाआधी गाइडचे अलीकडचे एक-दोन लेख चिनीतच वाचा आणि पत्रात त्यातल्या एका मुद्द्यावर स्वतःचं मत लिहा. स्वतःची मोघम ओळख करून देणाऱ्या पत्रांना सहसा उत्तर येत नाही.