जंतनाशक की जंतुनाशक?

नागपुरातील एका शाळेतील शिक्षिकेने पुढील प्रश्न विचारला आहे : 'शाळेच्या फलकावर मी "उद्या जंतुनाशक गोळ्यांचे वाटप होईल" असे लिहिले, तर मुख्याध्यापकांनी त्यातला उकार पुसून "जंतनाशक" केले. हे दोन्ही शब्द एकच नाहीत का? शिवाय आरोग्यविषयक लेखांत येणारे "जंतांचा कर्करोग", "कर्कखूण" आणि "संक्रमण" हे शब्दप्रयोग कितपत योग्य आहेत?'

मुख्याध्यापकांनी केलेली दुरुस्ती योग्य आहे, आणि ती केवळ शुद्धलेखनाची नाही. 'जंतु' हा संस्कृत शब्द 'जन्' म्हणजे जन्मणे या धातूपासून आलेला असून त्याचा मूळ अर्थ जन्माला आलेला कोणताही प्राणी असा आहे. 'जीवजंतू' या जोडशब्दात तो व्यापक अर्थ अजून टिकून आहे. याच शब्दाचे मराठीत झिजलेले रूप म्हणजे 'जंत'. लोकांनी ते फार पूर्वीपासून पोटातल्या, डोळ्यांना दिसणाऱ्या कृमींसाठी राखून ठेवले. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाश्चर आणि कॉख यांच्या संशोधनामुळे सूक्ष्मजीवांचा आणि रोगांचा संबंध प्रस्थापित झाला, तेव्हा त्या नव्या, अदृश्य रोगकारकांसाठी मराठीने घरातल्या 'जंत'ला हात न लावता मूळ तत्सम 'जंतू' उचलला. अशा रीतीने एकाच शब्दाची दोन रूपे दोन वेगळ्या कामांना लागली, आणि ही वाटणी इतकी सोयीची आहे की ती मोडण्याचे काहीच कारण नाही.

बोलण्यात ही वाटणी क्रियापदांतूनही दिसते. पोटात जंत 'होतात' आणि औषध घेतल्यावर ते 'पडतात'; जंतू मात्र शरीरात 'शिरतात' आणि तेथे 'वाढतात'. या भेदामागे जीवशास्त्रही आहे. गोलकृमी किंवा अंकुशकृमी यांची संख्या माणसाच्या आतड्यात आपोआप वाढत नाही. त्यांची अंडी शौचावाटे बाहेर पडतात, मातीत पक्व होतात, आणि मग गोलकृमीची अंडी तोंडावाटे, तर अंकुशकृमीच्या अळ्या बहुधा अनवाणी पायांच्या त्वचेतून पुन्हा शरीरात येतात. म्हणून पोटात जंत किती, हे बाहेरून किती आले यावर अवलंबून असते. जिवाणूंचे तसे नसते. थोडे शिरले तरी ते आतच असंख्य होतात.

आता गोळ्यांचा विचार करू. २०१५ पासून राबवल्या जाणाऱ्या राष्ट्रीय जंतनाशक दिनाला १ ते १९ वर्षे वयाच्या मुलामुलींना अल्बेंडाझोल देतात. मात्रा ४०० मिलिग्रॅमची, आणि एक ते दोन वर्षांच्या बालकांना तिच्या निम्मी. हे औषध कृमींच्या पेशींतील एका प्रथिनाला बिलगून त्यांचे शर्करा शोषण्याचे काम बंद पाडते; जिवाणूंविरुद्ध त्याचा उपयोग नाही. उलट 'जंतुनाशक' म्हणजे फिनेल, क्लोरीन, शस्त्रक्रियेआधी त्वचेला लावायचे द्रावण. बाजारात 'जंतुनाशक गोळ्या' खरोखरच असतात, पण त्या पिण्याच्या पाण्यात टाकण्याच्या क्लोरीनच्या गोळ्या होत. फलक वाचून एखाद्या पालकाने घरातल्या त्या गोळ्या मुलाला चघळायला देणे अशक्य नाही, आणि म्हणून या उकाराबाबत मी आग्रही आहे. गंमत अशी की गोलकृमीच्या अंड्यांचे कवच एवढे चिवट असते की पाण्यातल्या नेहमीच्या क्लोरीनला ती दाद देत नाहीत, आणि हाताला चोळायचे अल्कोहोलही त्यांच्यावर भरवशाचे नाही. ती साबणपाण्याने धुऊनच काढावी लागतात. म्हणजे जंतुनाशक जंतांना पुरते मारतही नाही!

लेखनाविषयी एवढेच सांगायचे की सुटा शब्द 'जंतू' असा दीर्घान्त लिहायचा, पण तत्सम समासात पूर्वपदाचा मूळ ऱ्हस्व राहतो. म्हणून 'जंतुनाशक', 'कृमिनाशक'. 'जंतूनाशक' हे पुष्कळ बाटल्यांवर दिसणारे रूप चूक आहे. कोणता शब्द हवा हे ठरत नसेल, तर अनेकवचनात विभक्तिप्रत्यय लावून पाहावा : 'जंतांवरचे औषध' म्हणायचे आहे की 'जंतूंवरचे', हे उच्चारताच कळते.

'जंतांचा कर्करोग' या प्रयोगातली अडचण अधिक खोल आहे, कारण दोष शब्दाचा नसून षष्ठीचा आहे. मराठीतला 'चा' प्रत्यय फार उदार आहे. 'तापाचे औषध' म्हणजे तापावरचे, 'मुळ्यांचे औषध' म्हणजे मुळ्यांपासून केलेले, आणि 'आजीचे औषध' म्हणजे आजीला द्यायचे किंवा तिने सांगितलेले. ऐकणारा संदर्भाने भागवतो. वैद्यकीय लेखात मात्र संदर्भच नवा असतो. शिस्टोसोमा हेमॅटोबियम या कृमीमुळे मूत्राशयाचा कर्करोग होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या लियाँ येथील कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्ये निश्चित केले; कच्च्या माशांतून येणाऱ्या एका यकृतकृमीचा पित्तनलिकेच्या कर्करोगाशी असलेला संबंधही त्याच वर्षी मान्य झाला. या दोन्ही प्रकारांत कृमी हे कारण आहे, परंतु बिघडलेल्या पेशी माणसाच्याच असतात.

२०१५ मध्ये प्रसिद्ध झालेले कोलंबियातील एका रुग्णाचे उदाहरण याहून अगदी निराळे आहे. एचआयव्हीमुळे प्रतिकारशक्ती ढासळलेल्या त्या माणसाच्या फुप्फुसांत आणि लसिकाग्रंथींत गाठी आढळल्या. त्यांतील पेशी कर्कपेशींसारख्या बेबंद वाढणाऱ्या, पण मानवी पेशींच्या मानाने फारच लहान होत्या, आणि तपासाअंती त्यांतला डीएनए हायमेनोलेपिस नाना या पट्टकृमीचा निघाला. (या नावातल्या 'नाना'चा आपल्या घरच्या नानांशी संबंध नाही, लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ठेंगणी असा आहे.) रोग माणसाच्या शरीरात होता, पण कर्करोग झाला होता कृमीच्या पेशींना. या दोन्ही प्रकारांना 'जंतांचा कर्करोग' म्हणणारा मराठी लेखक वाचकाला अर्ध्या वाटेवर सोडतो. पहिल्यासाठी 'कृमिजन्य कर्करोग' हा नेमका शब्द आहे. दुसऱ्यासाठी एका शब्दाचा हट्ट सोडून 'कृमीच्या पेशींचा माणसात पसरलेला कर्करोग' असे सरळ लिहावे.

'कर्कखूण' हा 'ट्यूमर मार्कर'साठी, म्हणजे कर्करोगाचा माग घेण्यासाठी रक्तात मोजल्या जाणाऱ्या पदार्थांसाठी, योजलेला शब्द सुटसुटीत आहे, तरीही मला तो पटत नाही. मराठीत खूण 'पटते', आणि पटली की ओळख पक्की होते. रक्तातले हे पदार्थ तेवढी खात्री देत नाहीत. १९६५ मध्ये माँट्रियल येथे गोल्ड आणि फ्रीडमन यांनी वर्णन केलेले सीईए हे प्रथिन मोठ्या आतड्याच्या कर्करोगात वाढते, पण धूम्रपान करणाऱ्यांतही ते वाढलेले आढळते. अंडाशयाच्या कर्करोगासंदर्भात मोजले जाणारे सीए-१२५ हे मासिक पाळीत, गरोदरपणात आणि पोटाच्या क्षयरोगातही चढते. आपल्याकडे क्षय किती आहे हे पाहता ही बाब लहान नाही. उलट काही लोकांच्या शरीरात रक्तगटाच्या विशिष्ट प्रकारामुळे सीए १९-९ हा स्वादुपिंडाच्या कर्करोगासाठी मोजला जाणारा पदार्थ तयारच होत नाही, त्यामुळे तो कर्करोग असूनही आकडा खालीच राहतो. या चाचण्यांचा मुख्य उपयोग उपचार सुरू असताना आकड्याचा कल पाहण्यासाठी होतो. म्हणून मी 'कर्करोगसूचक' हा शब्द सुचवीन. सूचना खरी ठरेल किंवा ठरणारही नाही, हे त्या शब्दातच आहे. रुग्णाशी बोलताना अर्थात 'मार्कर'च म्हणावे. आपल्या नागपुरात 'मेडिकल' म्हटले की शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आणि कोपऱ्यावरचे औषधाचे दुकान हे दोन्ही चालतात आणि कोणाचा रस्ता चुकत नाही, तेथे 'मार्कर'ने काही बिघडणार नाही.

'संक्रमण' हा शब्द विदर्भात हिंदीच्या शेजारामुळे रुळला आहे. मराठीत त्याचा पहिला अर्थ एका स्थितीतून दुसऱ्या स्थितीत जाणे हा आहे, जसे सूर्याचे मकर राशीतले संक्रमण; रोगासाठी 'संसर्ग' आणि 'लागण' हे शब्द असताना त्याची गरज नाही, एवढेच माझे म्हणणे. त्यापेक्षा अधिक आक्षेपार्ह वाटतो तो 'निर्जंतुकीकरण' या शब्दाचा सैल वापर. शस्त्रक्रियेची उपकरणे दाबाखालच्या १२१ अंश सेल्सिअस वाफेत ठराविक वेळ ठेवली, म्हणजे जिवाणूंची चिवट बीजाणुरूपेही मरतात. त्या क्रियेला निर्जंतुकीकरण म्हणतात. फरशी पुसल्याने किंवा रस्त्यावर औषध फवारल्याने तसे काही घडत नाही, तेव्हा त्या कामांना जंतुनाशकाने पुसणे आणि जंतुनाशकाची फवारणी असेच म्हणावे.