डच कादंबरी वाचली आणि साखरपुडा तोंडावर आलाय

प्रश्न : मी २८ वर्षांचा, नोकरीसाठी नेदरलँड्समध्ये आम्स्टेलवेनला असतो. डच शिकता शिकता याकोब इस्राएल द हान यांची १९०४ची ‘पैपेलैंत्येस’ ही कादंबरी हाती लागली. योप आणि साम या दोन तरुणांच्या एकमेकांशी असलेल्या संबंधांची ती गोष्ट आहे. मला पुरुषच आवडतात, हे इतकी वर्षं टाळत होतो. आता टाळता येत नाही. घरी स्थळ पक्कं झालंय, दिवाळीत साखरपुडा. लग्नानंतर सगळं सुरळीत होईल का?

उत्तर : नाही रे, होणार नाही.

तुझ्या लेखकाचंच बघ. योप हे त्याचं स्वतःचं, तर साम हे त्याचे डॉक्टर मित्र अलेत्रिनो यांचं घरगुती नाव. बोभाटा झाला. अलेत्रिनो आणि द हानची वाग्दत्त वधू योहाना यांनी मिळून जवळजवळ सगळ्या प्रती विकत घेऊन टाकल्या! तरी त्याची शाळेतली नोकरी गेलीच. १९०७ मध्ये त्याने योहानाशी लग्न केलं, पण ओढ काही गेली नाही. १९१९ मध्ये तो एकटाच पॅलेस्टाइनला निघून गेला. योहानाला निदान सगळं माहीत होतं. तुझ्या होणाऱ्या बायकोला काय माहीत आहे?

म्हणून आधी स्थळाला नकार. तेवढ्यासाठी आत्ताच सगळं सांगायला हवं असं नाही. ‘मला हे लग्न करायचं नाही’ एवढं पुरे. मात्र पत्रिका जुळत नाही, मुलगी सावळी आहे, असली कारणं पुढे करू देऊ नकोस. आपल्याकडे मोडलेल्या लग्नाचं खापर मुलीवरच फुटतं. नकार आमच्या मुलाचा आहे, हे बाबांनी मध्यस्थांना स्पष्ट सांगावं.

आईबाबांना खरं सांगायचं ते समोर बसून. व्हिडिओ कॉलवर नको, मागून काकू डोकावत असतात. आई रडेल, बाबा ‘डॉक्टरला दाखवू’ म्हणतील. हा आजार नाही, आणि तो ‘बरा’ करण्याचे उपचार हे राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये गैरवर्तन ठरवलंय, हे तयार ठेव. तोवर एकटा कुढू नकोस. सीओसी ही समलिंगी लोकांसाठीची संस्था ॲम्स्टरडॅममध्ये १९४६ पासून आहे, तिथे जाऊन बोल.

नकाराचा फोन मात्र या रविवारीच कर. हॉल ठरला, पत्रिका वाटल्या, की त्या मुलीच्या घरच्यांना तोंड दाखवणं कठीण होईल.