भविष्यातला 'मी' डोळ्यांसमोर आणला तर सिगारेटची तलफ आवरते का?

हो, थोडीफार आवरते. पण चित्र बारीक तपशिलांचं हवं. 'पुढे तब्येत सुधारेल' एवढ्याने काही होत नाही. सहा महिन्यांनी दादरचा पूल एका दमात चढून फास्ट लोकल पकडतोय, बोटांना वास नाही, असं दिसलं पाहिजे. मेंदू लांबच्या फायद्याची किंमत कमी धरतो, आणि टपरीवर कटिंगसोबत सुट्टी सिगारेट तर हाताशीच! अमेरिकेतल्या प्रयोगांत असं चित्र रंगवणाऱ्यांची उतावीळ कमी झाली, सिगारेटीही कमी ओढल्या गेल्या. मात्र हे प्रयोगशाळेतलं, थोड्या वेळापुरतं. उठल्यावर अर्ध्या तासात पहिली लागत असेल, तर नुसत्या कल्पनेवर विसंबू नका. निकोटीन गमबद्दल डॉक्टरांना विचारा किंवा १८००-११-२३५६ या मोफत सरकारी क्विटलाइनवर (तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या फोनसेवेवर) बोला.