लॉकडाऊनमध्ये डोस चुकले, आता सगळं पहिल्यापासून?

लसीकरणाच्या समुपदेशनात हा प्रश्न मला अजूनही ऐकू येतो. विचारणारी आई बहुतेकदा बरेच दिवस मनात कुढत असते. त्यातल्याच एकीबद्दल लिहिते. ओळख पटेल असे तपशील बदललेत.

नोव्हेंबर २०२२. गोवंडीत गोवराची साथ होती. शेजारच्या मुलाला गोवर निघाला, तशी ही ताई पावणेतीन वर्षांच्या मुलाला घेऊन आली. लसीचं कार्ड पिशवीत होतं, पण बाहेर काढेना. "सिस्टर ओरडतील, मॅडम."

कार्डावर जन्माचे आणि दीड महिन्याचे डोस, पुढे सगळं कोरं. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला, वस्तीतली लसीकरण सत्रं थांबली, नवऱ्याचं काम गेलं, कुटुंब गावी गेलं. परत आल्यावर तिला वाटलं, आता वेळ गेली. सासूबाई म्हणायच्या, पोर ठणठणीत आहे, कशाला टोचता?

अशा आईवर 'लस नाकारणारी' असा शिक्का पटकन बसतो. मला तो मान्य नाही. नाकारणारी बाई कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून गावाला नेत-आणत नाही. २०२० मध्ये जगभरात सुमारे २ कोटी ३० लाख बालकांचे नेहमीचे डोस राहिले, हे सांगितलं तेव्हा कुठे कार्ड टेबलावर आलं.

आधीचे डोस वाया जात नाहीत, जिथे थांबलं तिथून पुढे चालू होतं. गोवर-रुबेलाचे दोन्ही डोस पाच वर्षांपर्यंत देता येतात, मध्ये किमान महिन्याचं अंतर ठेवून. पोलिओचंही पाच वर्षांपर्यंत चालतं. काही लसींचं वय मात्र निघून जातं, तेही स्पष्ट सांगितलं.

"एकाच दिवशी इतकी इंजेक्शनं?" चालतात, जागा वेगवेगळ्या असतात. गोवराच्या लसीनंतर आठवड्याभरानं थोडा ताप किंवा पुरळ येऊ शकतं. हे आधी सांगावंच लागतं, नाहीतर 'लसीनंच गोवर झाला' असं वस्तीभर होतं!

सिस्टरशी मी आधी बोलून घेतलं होतं. त्या ओरडल्या नाहीत, पुढची तारीख लिहून दिली. सासूबाईंना काय सांगू, असं ताईनं विचारलं. म्हटलं, काही सांगू नका, पुढच्या वेळी घेऊनच या.

सासूबाई आल्या, धाकट्या सुनेच्या मुलीचं कार्ड हातात घेऊन. तिचाही साडेतीन महिन्यांचा डोस राहिला होता.