पावसाळाभर बंद असलेली जुनी बुलेट ३५० फक्त चोकवर चालते, चोक काढला की बंद पडते. मेन जेट मोठा टाकू का?

मेन जेटला, म्हणजे कार्बोरेटरमधल्या (कार्ब) पेट्रोल मोजून सोडणाऱ्या मोठ्या तोटीला, हात लावू नका. त्याचं खरं काम पाऊण रेसच्या पुढे सुरू होतं. तुमची गाडी चोक काढताच बंद पडते, म्हणजे स्लोवर (रेस न देता इंजिन चालू असताना) पेट्रोल कमी पडतंय किंवा कुठून तरी फालतू हवा शिरतेय. दोन्ही गोष्टी तपासायला पैसे लागत नाहीत.

आधी पायलट जेट, म्हणजे स्लोला पेट्रोल देणारा छोटा जेट. हल्लीच्या पेट्रोलमधलं इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि मुंबईत पावसाळ्यात तशा हवेला तोटा नाही. पाणी जड, ते फ्लोटच्या कपात (कार्बच्या खालच्या पेट्रोलच्या वाटीत) तळाशी बसतं आणि पांढरी पूड धरते. कप उघडलात की दिसेलच. पायलट जेटचं भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक असतं, त्यामुळे पहिल्यांदा तेच चोंदतं. जेट काढून उजेडासमोर धरा, आरपार गोल भोक दिसलं पाहिजे. कार्ब क्लीनर मारा, थोडा वेळ मुरू द्या, मग हवा मारा. फारच अडलं तर वायरमधली तांब्याची एक बारीक तार चालेल. सुई किंवा स्टीलची तार अजिबात नाही, भोक मोठं झालं की जेट वाया. नुसता जेट साफ करून थांबू नका, बॉडीतल्या वाटाही फुंका. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका, नाहीतर आठवड्यात तेच.

तरीही फरक नाही? मग इंजिनचं हेड आणि कार्बच्या मधला जोड बघा. नट जास्त आवळून फ्लँज (कार्बची जोडाची सपाट बाजू) वाकलेला असतो, पॅकिंग कितीही नवं टाका, हवा घेतोच. फ्लँजवर स्टीलची पट्टी आडवी धरा. मध्ये फट दिसली तर काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून त्यावर घासून सपाट करा.

आता ट्यूनिंग. त्याआधी पॉइंटचा (ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या, उघडझाप होणाऱ्या जोडाचा) गॅप ०.३५ ते ०.४० मिमी आहे ना बघा. निम्म्या वेळा शिव्या कार्बला बसतात आणि चूक पॉइंटची असते. इंजिन दहा मिनिटं फिरवून गरम करा. एअर स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत, मग दीड फेरा बाहेर. हा हवेचा स्क्रू आहे, आत गेला की मिक्श्चर रिच होतं, म्हणजे पेट्रोलचं प्रमाण वाढतं. स्लो थोडा वाढवून ठेवा, एअर स्क्रू पाव-पाव फेरा फिरवत इंजिन सगळ्यात जोरात चालेल ती जागा शोधा, मग स्लो कमी करा. पुन्हा एकदा हेच. स्क्रू जवळजवळ बंद केल्यावरच गाडी नीट चालत असेल, तर पायलट अजून चोंदलेला आहे किंवा हवा शिरतेय. अडीच-तीन फेऱ्यांपुढे जावं लागलं तर उलट, पायलट मोठा आहे.

स्लो जमला पण मधल्या रेसला गाडी अडखळते, असं झालं तर स्लाइडमधल्या (रेस दिली की कार्बमध्ये वर सरकणाऱ्या भागातल्या) पिनेची क्लिप एक खाच खाली घ्या, पिन वर येईल.

कुर्ल्याला सीएसटी रोडवर जेट घ्यायला गेलात तर जुना सोबत न्या. डुप्लिकेट जेटवरच्या नंबरावर विश्वास ठेवू नका, दोन्ही शेजारी धरून बघा. आणि स्लाइड बोटाने हलवून बघा: बॉडीत खडखड वाजत असेल तर स्लो कधीच एका जागी टिकणार नाही. तेव्हा साफसफाईत वेळ घालवू नका, कार्बच बदला.