केमार्टमध्ये मंडळाचा हॉल? झोनिंगच्या ‘हो’वर सही करू नका

बंद पडलेलं केमार्ट (अमेरिकेतल्या त्या साखळीचं मोठं दुकान) भाड्याने घेऊन गणपती, नाटकं आणि रविवारची मराठी शाळा एकाच छताखाली आणायची, झोनिंगवाल्यांनी ‘हो’ म्हटलंय, आता लीजवर सही करू का, असं तुम्ही विचारलंय. ते ‘हो’ वाचून आमचं जुनं दुखणं वर आलं. देणग्या, कमिटी वगैरे सोडून देतो, ते तुम्हाला आमच्याहून चांगलं जमत असेल.

झोनिंग फक्त त्या प्लॉटवर काय चालेल ते बघतं. आत माणसं किती बसणार, हे बिल्डिंग खातं बघतं. हल्लीच्या इंटरनॅशनल बिल्डिंग कोड या बांधकामाच्या नमुना नियमावलीत दुकानाला माणशी ६० चौरस फूट धरतात, नुसत्या खुर्च्या मांडलेल्या सभागृहाला ७. म्हणजे समजा १४,००० चौरस फुटांत कागदावर दुकानाची २३३ माणसं, नाटकाची २,०००. दारं, टॉयलेट, अलार्म, सगळं मग त्या हिशेबाने. असल्या दुकानांत टॉयलेट एखाद्या कोपऱ्यात असतात. नवी करायची तर काँक्रीटची स्लॅब कापून ड्रेनेज न्यायचं. खर्चाचा आकडा ऐकून आमचे खजिनदार खुर्चीत बसले ते बोलेचनात.

आमच्या गावच्या कार्यालयात (नाव घेत नाही) खिडकीवरच्या बाईंनी नकाशावर बोट ठेवून सांगितलं, कमर्शियल आहे, चालेल. लेखी मागितलं, तर म्हणे गरज नाही. भाडं सुरू झालं आणि त्याच हॉलमधल्या पलीकडच्या, बिल्डिंग खात्याच्या खिडकीने आमचे नकाशे परत पाठवले: ‘चेंज ऑफ ऑक्युपन्सी’, म्हणजे इमारतीचा वापरच बदलतोय. आगीची सुरक्षा तपासणाऱ्या फायर मार्शलचं तिसरंच. दर वेळी नवा शेरा, आधीच्या शेऱ्याचा पत्ता नाही. दोन खिडक्यांच्या मध्ये एक पाण्याचा कूलर, पण एकमेकांशी बोलतील तर शपथ! आम्ही रिकाम्या दुकानाचं भाडं भरत राहिलो आणि गणपती बसले शाळेच्या कॅफेटेरियात.

म्हणून माझं हट्टी मत: झोनिंग, बिल्डिंग आणि फायर या तिघांना एका टेबलावर आणणारी प्री-ॲप्लिकेशन (अर्जाआधीची) मीटिंग मागा, ठरलेलं त्याच दिवशी ईमेलने पाठवा, आणि परवाना हातात पडेपर्यंत भाडं सुरू होणार नाही असं कलम लीजमध्ये घाला. मालक कुरकुरला तर दुसरी जागा बघा. अर्थात मी वकील नाही, आणि कोड राज्याराज्यात बदलतो. शेजारच्या दुकानांशी पार्किंगचा जुना करार असेल तर तोही वाचून घ्या. काही करारांत सभा-समारंभांना सरळ मनाई असते.

कोणीतरी टेक्सासमधल्या मॅकॲलनचं उदाहरण देईलच. तिथे जुन्या वॉलमार्टमध्ये २०११ साली सुंदर सार्वजनिक लायब्ररी झाली, जवळपास १,२३,००० चौरस फुटांची. पण तिथे अर्ज करणारं शहर आणि परवाना देणारंही शहर! यू-हॉल ही ट्रक भाड्याने देणारी कंपनी जुनी केमार्टं घेऊन सामान ठेवायची गोदामं करते, तिथे माझ्या मते माणसांच्या संख्येचं गणित सोपं होतं. खोक्यांना टॉयलेट लागत नाही.

जाता जाता, केमार्टं १९६२ पासूनची आहेत आणि बऱ्याच ठिकाणी कडेला गाड्यांचं ऑइल, टायर बदलायची शेड असायची. तुमच्याकडे ती असेल तर जमिनीची पर्यावरण तपासणी करून घ्या. आणि इमारत साठ-सत्तरच्या दशकातली असेल तर जुन्या नऊ इंची फरश्यांत ॲस्बेस्टॉस असू शकतो. तपासल्याशिवाय त्या उखडायला मंडळाची पोरं लावू नका.